तीन गुणांचा प्रश्न

'अथेन्सच्या सभेत मत देण्याचा हक्क कोणाला नव्हता?'
तीन गुण.
अपेक्षित उत्तर: स्त्रिया, गुलाम, परके.
नववी 'ब'चे पेपर मी
चोडणच्या पंचायतीत, शेवटच्या बाकावर बसून तपासते आहे,
कारण आज रविवार, आज ग्रामसभा,
आणि कोरम अजून व्हायचा आहे.

साडेदहाची सभा. सव्वाअकरा झाले.
सेक्रेटरी माणसं मोजतो. मग उगाच पंखे मोजतो.
पंखे जास्त भरतात.

वर्गात मीच सांगितलं होतं,
तिथे सभेच्या दिवशी शिपाई निघायचे
लाल रंगात बुडवलेला लांबच लांब दोर घेऊन,
दोन टोकांना दोघे,
आणि बाजारात रेंगाळलेली माणसं
रापणीतल्या बांगड्यांसारखी ओढत न्यायचे टेकडीवर.
ज्याच्या कपड्याला डाग, त्याला दंड.
पोरं केवढी हसली होती.

आता मला तो दोर हवा आहे.
फेरीच्या धक्क्यापासून धरावा,
जुझे आगुश्तीनच्या तावेर्नातून वळवून
थेट मैदानावर न्यावा,
जिथे पावणेअकरापासून एका ऑफसाइडवर
हात वर करकरून मतदान चाललंय.

बाबांचं नाव कोमुनिदादच्या वहीत होतं.
त्यांच्यामागे भावाचं लागलं.
भाऊ मस्कतला. त्याचा जण मीच आणते,
अधिकारपत्र माझ्या पर्समध्ये, घडीवर फाटत आलेलं.
गेल्या वर्षी तीनशे दहा रुपये.
क्लार्क आपुलकीने विचारतो, 'गांवकार बरो मगो?'
बरा आहे, म्हणते.

खाजनाचा बांध फुटला त्या रात्री
गांवकार नव्हता.
मी होते, टॉर्च धरून.
आणि छातीभर चिखलात उतरून गोणी रचणारे
बागलकोटचे सातजण होते,
ज्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत.
सकाळी त्यांना चहा दिला. कप वेगळे नव्हते, एवढं खरं.
पण कप धुताना ते मी मनाशी बोलून दाखवलं,
हेही खरं.

विषय क्रमांक चार: त्याच खाजनाचा झोन बदलणे.

तिथे बोलणाऱ्याची वेळ पाण्याने मोजायचे,
मडक्याच्या बुडाला भोक,
पाणी संपलं की भाषण संपलं, मग तो कितीही मोठ्या घरचा असो.
इथे मानशीची दारं भरती आली की आपसूक मिटतात,
ओहोटीला उघडतात.
कोणी सूचक नाही, कोणी अनुमोदक नाही.
विषय एक संपेपर्यंत ओहोटी लागलेली असेल.

पेपर एकतिसावा. रेणुका तळवार.
अक्षर मुंग्यांसारखं, पण ओळ सोडत नाही.
'स्त्रिया, गुलाम, परके,
आणि सभेच्या दिवशी ज्यांना कामावर जावं लागतं ते.'

हे पुस्तकात नाही.
हे मी शिकवलेलं नाही.

बाहेर पंचायतीच्याच नव्या जिन्यावर
फरश्या बसवतो आहे तिचा बाप.
रविवारी मजुरी जरा जास्त मिळते.
ठोकण्याचा आवाज वाढला तसं
सरपंचांनी खिडकी लावून घ्यायला सांगितलं,
आणि लावून घेतली ती मीच,
जवळ बसले होते म्हणून.

तीनपैकी तीन दिले.
चौथ्या उत्तराखाली पेन टेकवून थांबले,
काय लिहावं सुचेना,
आणि पेन तेवढ्यात गळायला लागलं.

विषय चार निघाला तेव्हा बाकं अर्धी भरली होती.
'हात वर करा.'
मी केला.
बोटं लाल, शाई मनगटाकडे ओघळत चाललेली,
समोरच्या बाकावरची कुंदा मान वळवून बघतेय.
'बायो, बाजूने की विरोधात?'
सेक्रेटरीने पेन्सिल उचलली.

'आधी खिडकी उघडा,' मी म्हटलं.